फळ बागेतले, पेला घरातला

(शेतकरी महिला मेळाव्यातील भाषण)



आजचा माझा विषय आहे घरच्या फळांपासून पौष्टिक आणि दाट पेये तयार करणे. शहरातील उपाहारगृहांत अशा पेयांना 'स्मूदी' म्हणतात आणि त्यासाठी बरेच पैसे मोजावे लागतात. आपल्याला मात्र हा प्रकार नवा नाही. केळीचे शिकरण आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. आमरस, पन्हे, ताकात कालवलेले लाह्यांचे पीठ हेही आपल्या घरचेच. याच माहितीला आहारशास्त्राची थोडी जोड दिली, तर बागेतल्या फळाचा घरातल्या माणसांच्या प्रकृतीसाठी चांगला उपयोग करता येईल.

विषय स्वयंपाकघरातला असला तरी त्याची सुरुवात बागेतून होते. म्हणून आधी बागेविषयी बोलू.

घराचा वाटा कोठे गेला?

फळांची तोडणी झाली की आपण प्रतवारी करतो. पहिल्या प्रतीचे फळ मोठ्या बाजारपेठेत जाते. दुसऱ्या प्रतीचे तालुक्याच्या बाजारात जाते. डागाळलेले, जास्त पिकलेले, आकाराने वेडेवाकडे फळ जनावरांपुढे किंवा उकिरड्यावर जाते. या सगळ्या वाटपात घराचा वाटा कोणता, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. दुधाचेही तसेच. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. ज्या घरात दहा झाडे पेरूची आहेत, त्याच घरातील मुलगा शाळेतून येताना रंगीत शीतपेयाची बाटली घेऊन येतो, हे दृश्य आता गावोगाव दिसते.

अशा २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. प्रथिने नाहीत, लोह नाही, चुना म्हणजे कॅल्शियम नाही, तंतू नाहीत. पैसे आपले जातात आणि भूक तेवढी मरते.

आता दुसरी बाजू पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होते. म्हणजे दर दोन बायांमागे एकीला आणि दर तीन बालकांमागे दोघांना रक्त कमी. राज्यात एवढी फळे पिकत असताना ही स्थिती आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि फळांचा एक पेला हा त्यावरचा पुरेसा उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच आहेत. परंतु आपण जी भाकरी, डाळ आणि पालेभाजी खातो, तिच्यातील लोह अंगी लागण्यासाठी जीवनसत्त्व 'क' लागते, आणि ते ताज्या फळांत भरपूर असते. लोह भाकरीत आहे, 'क' जीवनसत्त्व बागेत आहे, आणि दोघांची गाठ ताटात पडत नाही. खरी अडचण ही आहे.

किती फळ लागते?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीने रोज १०० ग्रॅम फळे खावीत, असे सुचविले आहे. सहा माणसांच्या कुटुंबाला रोज ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १८ किलो. साल, बी आणि वाया जाणारा भाग धरला तर २५ किलोच्या आसपास फळ लागेल. बागाईतदाराच्या दृष्टीने हा एक-सव्वा क्रेट झाला किंवा केळीचा एक मोठा घड झाला. एकरभर बागेतून महिन्याला एवढे फळ घरासाठी काढले तर हिशेबात फरक पडणार नाही. प्रकृतीत मात्र पडेल.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, तोडणीच्या दिवशी प्रतवारी सुरू करण्यापूर्वी घरची पाटी बाजूला काढावी. उरले तर घरी आणू, असे म्हटले की काहीच उरत नाही.

ज्यांच्याकडे फळबाग नाही, त्यांनी परसात पपईची दोन-तीन झाडे, पेरूचे एक कलम, एक लिंबू आणि न्हाणीच्या पाण्यावर केळीचे दोन-तीन खुंट लावावेत. पपई लागवडीपासून साधारण नऊ-दहा महिन्यांत फळ देऊ लागते. पेरूचे कलम दोन-तीन वर्षांत फळावर येते. एवढ्याने घराची बरीच गरज भागते.

फळ खावे की प्यावे?

फळ चावून खाणे सर्वांत उत्तम, हे आधी सांगते. ज्याचे दात चांगले आहेत आणि ज्याला वेळ आहे, त्याने फळ धुऊन खावे. मग पेय कशासाठी? तर ते तिघांसाठी. फळाचा तुकडा तोंडातून बाहेर काढणाऱ्या लहान मुलांसाठी, दात गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, आणि सगळ्यांचे झाल्यावर शेवटी जेवायला बसणाऱ्या व उभ्या उभ्या दोन घास खाऊन शेतावर निघणाऱ्या घरच्या बाईसाठी. या तिघांच्या पोटात फळ जावे, म्हणून हा पेला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. गाळलेला रस वेगळा आणि दाट पेय वेगळे. रस काढताना आपण चोथा टाकून देतो. त्या चोथ्याबरोबर तंतू जातात आणि मागे राहते ते मुख्यतः साखरेचे पाणी. पेलाभर रसासाठी तीन-चार संत्री लागतात. ती चार संत्री आपण एका बैठकीत सहसा खात नाही, पण रस मात्र दोन मिनिटांत पितो. त्यावर आणखी साखर घातली, तर शीतपेयात आणि त्यात फारसे अंतर राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर आणि फळांच्या रसातील साखर मिळून रोजच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. यावरून रसही जपूनच प्यावा, हे लक्षात येईल.

दाट पेयात फळाचा सगळा गर राहतो. तंतू राहतात, पोट भरते, आणि त्यात दूध, दही, शेंगदाणे, तीळ किंवा नाचणी मिसळता येते. तेव्हा नियम सोपा आहे. गाळू नका आणि साखर घालू नका. फळ पूर्ण पिकलेले असेल, तर साखरेची गरजच पडत नाही.

पेल्याचे माप

दर माणशी एका पेल्याचे माप पुढीलप्रमाणे धरावे. वाटी म्हणजे साधारण १५० मिलिलिटरची आमटीची वाटी.

पहिला भाग फळाचा: सोललेला गर १०० ग्रॅम. एक मध्यम केळे, पपईच्या फोडींची एक लहान वाटी किंवा एक मध्यम पेरू.

दुसरा भाग गोठ्यातला: अर्धी वाटी उकळून गार केलेले दूध, दही किंवा वाटीभर ताक.

तिसरा भाग कणगीतला: एक पोह्याचा चमचा, म्हणजे अंदाजे १० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचे किंवा तिळाचे कूट, फुटाण्याचे पीठ, लाह्यांचे पीठ अथवा नाचणीचे सत्त्व.

चवीला वेलची, जिरे, सुंठ, आले किंवा चिमूटभर मीठ.

हा तिसरा भाग बहुतेक जण विसरतात आणि पेयाची ताकद त्यातच असते. फळात जीवनसत्त्वे व तंतू असतात, परंतु प्रथिने फार थोडी असतात. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे पाव भाग प्रथिने असतात. अर्धी वाटी दूध आणि चमचाभर शेंगदाण्याचे कूट यांतून मिळून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून मिळतात त्याच्या जवळपास ही होतात. १०० ग्रॅम तिळात १००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एवढ्याच दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असते. दूध कमी असलेल्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

फळ आणि दूध एकत्र घेऊ नये, असे काही घरांत मानतात. त्यांनी दूध वगळून पाण्यात किंवा लाह्यांच्या पिठात पेय करावे. आंबट फळ मात्र कोणीच दुधात घालू नये, दूध फाटते.

मिक्सर नसला तरी अडत नाही

भारनियमनाच्या वेळी मिक्सर काय कामाचा? पिकलेले केळे, चिकू, पपई, आंबा ही फळे हाताने किंवा पळीने छान कुस्करतात आणि रवीने घुसळली की एकजीव होतात. पेरूसाठी पुरणाची चाळण किंवा पुरणयंत्र वापरावे. त्यातून गर खाली उतरतो आणि कठीण बिया वर राहतात. मिक्सर असल्यास तो थांबून थांबून थोडा वेळच फिरवावा. फार वेळ फिरवल्यास पेय गरम होते व फेस येतो.

पितळेच्या किंवा तांब्याच्या कल्हई नसलेल्या भांड्यात दही, लिंबू, आंबा यांचे पेय कधीही करू नये. ते कळकते आणि त्याने उलट्या होतात. तांब्याच्या संपर्काने 'क' जीवनसत्त्वही लवकर नाहीसे होते. स्टेनलेस स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे.

सहा पेये (चार माणसांसाठी)

१. केळी-नाचणी: चार चहाचे चमचे नाचणीचे सत्त्व वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवावे व गार होऊ द्यावे. चार पिकलेली केळी कुस्करून त्यात मिसळावीत. दोन वाट्या उकळून गार केलेले दूध आणि वेलची घालून रवीने घुसळावे. शाळेतून आलेल्या मुलांसाठी हे उत्तम. सालीवर काळे ठिपके आलेली, बाजारात कोणी न घेणारी केळी यासाठी सर्वांत चांगली, कारण ती अधिक गोड असतात.

नाचणीचे सत्त्व घरी करणे सोपे आहे. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणावेत, उन्हात वाळवावी, किंचित भाजून दळावी आणि पीठ बारीक चाळणीने चाळावे. मोड आल्याने त्यातील खनिजे शरीराला अधिक चांगली मिळतात व पचनही हलके होते.

२. पेरू-अळीव: दोन चहाचे चमचे अळीव निवडून एक वाटी पाण्यात तीन-चार तास भिजवावेत. चार पिकलेले पेरू सालीसकट चिरून, थोड्या पाण्यात कुस्करून पुरणाच्या चाळणीतून काढावेत. त्यात अळीव, तीन वाट्या पाणी, जिरेपूड, आल्याचा कीस, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. यात दूध घालू नये.

हे पेय मुद्दाम जेवणाबरोबर घ्यावे. पेरूच्या १०० ग्रॅम गरात २०० मिलिग्रॅमच्या वर जीवनसत्त्व 'क' असते. संत्र्याच्या कितीतरी पट हे प्रमाण आहे. बाजरीची भाकरी, मेथी किंवा चवळीची भाजी आणि सोबत हा पेला असला, की भाकरी-भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. दुधातील कॅल्शियम आणि चहा यांमुळे लोहाचे शोषण कमी होते. म्हणून जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय सोडावी. निदान एक-दीड तास थांबावे. बाळंतिणीला अळीव देण्याची आपली जुनी रीत आहे. गरोदरपणात मात्र ते टाळतात, तेव्हा गरोदर भगिनींनी अळीव न घालता नुसते पेरूचे पेय घ्यावे.

३. पपई-दही: पपईच्या चार लहान वाट्या फोडी कुस्करून त्यात दोन वाट्या ताजे दही, चार पोह्याचे चमचे शेंगदाण्याचे कूट, किसलेले आले आणि किंचित मीठ घालून घुसळावे. पपईतील पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून शरीर जीवनसत्त्व 'अ' तयार करते. त्यासाठी जेवणात थोडा स्निग्धांश लागतो, तो दही आणि शेंगदाण्यांतून मिळतो. हे पेय केल्याबरोबर प्यावे. ठेवले तर पपईतील पाचक द्रव्याची दूध-दह्यावर क्रिया होऊन ते कडवट लागते. अननसाचेही असेच होते. पपई पूर्ण पिकलेलीच घ्यावी. गरोदर स्त्रियांनी कच्ची किंवा अर्धकच्ची पपई घेऊ नये.

४. चिकू-तीळ: पाच-सहा मऊ चिकू सोलून बिया काढाव्यात. बी टोकदार असते आणि घशात अडकू शकते, म्हणून मुलांसाठी करताना बिया मोजून काढाव्यात. गर कुस्करून दोन वाट्या दूध आणि चार पोह्याचे चमचे भाजलेल्या तिळाचे कूट घालावे. चिकू मुळात फार गोड असतो. यात साखर किंवा गूळ घालणे म्हणजे फळ वाया घालवणे होय.

५. सीताफळ-दूध: दिवाळीच्या सुमारास डोळे फुटलेली, लगेच विकावी लागणारी सीताफळे घरात पडून असतात. त्यांचा गर स्टीलच्या चाळणीवर हलक्या हाताने चोळून बिया वेगळ्या कराव्यात. दोन वाट्या गराला तीन वाट्या गार दूध पुरते. बिया मिक्सरमध्ये कधीही फिरवू नयेत. त्या विषारी असतात आणि त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना इजा होते. सीताफळाचा गर उकळू नये, तो कडू होतो. दूध आधी उकळून पूर्ण गार केलेलेच घ्यावे.

६. आंबा-फुटाणे: उन्हाळ्यात दोन मोठ्या आंब्यांचा रस हाताने काढावा, बाठे-साले धुतलेले पाणीही त्यात घ्यावे. दोन वाट्या दही आणि चार पोह्याचे चमचे फुटाण्याचे पीठ घालून घुसळावे. चवीला सुंठ व किंचित मीठ घालावे. आमरसात साखर घालण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. झाडावर पाडाला आलेला आणि अढीत नीट पिकलेला आंबा असेल, तर साखर लागत नाही. कार्बाइड लावून पिकवलेली फळे घरात आणू नयेत व आपणही तसे पिकवू नये. अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार अशी फळे विकण्यास मनाई आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला जांभळे येतात. बिया काढलेला जांभळाचा गर, पातळ ताक, ज्वारीच्या लाह्यांचे पीठ, जिरे आणि सैंधव यांचे पेयही चांगले लागते. जांभूळ मधुमेहावर गुणकारी आहे, असे ऐकून कोणी चालू औषध बंद करू नये.

स्वच्छता पाळली नाही तर सगळे व्यर्थ

कच्च्या फळाचे पेय शिजवलेले नसते. म्हणून अस्वच्छ पाणी, हात आणि भांडी यांतून जुलाब, कावीळ, विषमज्वर यांना आमंत्रण मिळते. जुलाबाने अंगातले जेवढे जाते, तेवढे दहा पेल्यांनी भरून येत नाही. तेव्हा पुढील काळजी घ्यावी.

पाणी उकळून गार केलेलेच वापरावे. बाजारचा बर्फ घालू नये, पेला गार हवा असेल तर फळे माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवावीत. फळे कापण्यापूर्वी भरपूर पाण्याने चोळून धुवावीत. साल काढायची असली तरी आधी धुवावे, कारण सुरीबरोबर सालीवरची घाण गरात जाते. औषध फवारले असेल, तर फवारणी आणि तोडणी यांतील औषधाच्या वेष्टनावर दिलेले दिवस घरच्या फळालाही लागू आहेत. बाजारासाठी दिवस मोजायचे आणि घरच्या पोरासाठी झाडावरून तसेच तोडून द्यायचे, असे होऊ नये.

डागी फळ आणि सडके फळ यांत फरक करावा. मार लागलेला, गारांनी टोचलेला भाग खोल काढून टाकून उरलेले फळ वापरता येते. बुरशी आलेले, आंबूस वासाचे, पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी चावलेले फळ पूर्ण टाकून द्यावे. ते कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे. बुरशी आलेले फळ जनावरांनाही घालू नये. शेंगदाणेही तपासून घ्यावेत. काळपट, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे विषारी असू शकतात आणि भाजल्याने ते विष जात नाही.

पेय करावे आणि प्यावे. सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवू नये. कापलेल्या फळातील 'क' जीवनसत्त्व हवेने कमी होत जाते, आणि दूध-दह्याचे पेय उन्हाळ्यात लवकर बिघडते.

कोणी जपून घ्यावे?

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये. त्यानंतर कुस्करलेले फळ वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नको. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. मधुमेह असलेल्यांनी गोड फळांचे पेय घेण्याऐवजी पेरूसारखे फळ माफक प्रमाणात चावून खावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी केळीसारखी फळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना बहुधा ताक किंवा दही चालते.

पेला कोणाच्या हातात जातो?

शेवटी सभेत बसलेल्या बंधूंशी थोडे बोलते. घरात चांगले काही केले की ते आधी पुरुषांना, मग मुलांना, त्यातही आधी मुलाला आणि मग मुलीला मिळते. करणारीच्या वाट्याला भांड्याला लागलेले येते. हे कोणी मुद्दाम करत नाही, रीतच तशी पडली आहे. परंतु सर्वेक्षणातील ५४ टक्के या आपल्याच घरातील सुना, लेकी आणि बहिणी आहेत. निंदणी, खुरपणी, तोडणी, प्रतवारी ही कामे मोठ्या प्रमाणावर त्याच करतात. ज्या हातांनी फळ निवडले, त्या हातांत एक पेला यावा, एवढीच मागणी आहे. चार माणसांचे पेय केले, तर पेले एकाच वेळी भरावेत आणि घरातल्या बाईनेही बसून सगळ्यांबरोबर प्यावे. वयात येणाऱ्या मुलीला तर तो आठवणीने द्यावा.

भगिनींनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. स्वतःसाठी पेला भरणे यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही. तुमची प्रकृती हे घराचे भांडवल आहे.

लक्षात ठेवा

१. तोडणीच्या दिवशी प्रतवारीच्या आधी घरची पाटी काढा.
२. दर माणशी रोज १०० ग्रॅम फळ. जमेल त्याने चावून खावे, बाकीच्यांनी दाट पेयातून घ्यावे.
३. गाळू नका, साखर घालू नका.
४. फळ, दूध-दही आणि दाणे-तीळ-नाचणी या तिन्हींचा मेळ घाला.
५. पेरूचे पेय जेवणाबरोबर, चहा जेवणापासून दूर.
६. उकळलेले पाणी, स्वच्छ हात, कल्हई नसलेले पितळ-तांबे वर्ज्य.
७. पेला घरातल्या प्रत्येकाला, घरच्या बाईलाही त्याच वेळी.

घरी परतल्यावर यांतील एखादे तरी पेय या आठवड्यात करून पाहावे. बागेत सध्या जे फळ आहे, त्यापासूनच सुरुवात करावी.